तू जोडलेला शेवट

विटा,
१४ मार्च १९७५

प्रिय शांतू,

तुझं पत्र मिळालं. मंडळीच्या छापील कागदावर, वरती क्रूस, क्रूसाखाली तुझं नाव, नावाखाली तुझ्या पदव्या, आणि त्यानंतर 'ख्रिस्तात प्रिय भगिनी' अशी सुरुवात. सख्ख्या बहिणीला भगिनी म्हणणारा भाऊ साताऱ्याच्या पाण्यावर तयार होतो की पाळकांच्या शाळेत, ते मला माहीत नाही. मी पाकीट उलटून पाहिलं, म्हटलं पोस्टमननं दुसऱ्या कुणाचं तर टाकलं नाही ना. पण आत माझ्याच कागदांची मागणी होती, तेव्हा पत्र माझंच.

तू लिहितोस की माझ्या त्या चार कागदांमुळे पुष्कळ आत्मे जागृत झाले. लिहितोस की उरलेले कागद रजिस्टर पोस्टानं पाठव, पुनरुत्थानाच्या सणाला छोटी पुस्तिका काढू, भाषा मी पाहून घेईन. नावसुद्धा ठरवून मोकळा झालास, 'खोऱ्यातून डोंगरावर'. अरे, विट्याला डोंगर म्हणजे रेणावीचा, आणि तिथं मी आजवर शेण्या गोळा करायलाच गेले. आणि भाषा तू पाहून घेणार! तुला बाराखडी कुणी शिकवली रे? कोरेगावच्या मिशनच्या बंगल्यामागं, बाबा गुलाबांना पाणी घालायचे तेव्हा, मातीत काडीनं रेघोट्या ओढून 'क' कुणी काढून दाखवला? तुझा 'क' कित्येक दिवस उलटा यायचा. मला आता वाटतं, तो अजूनही उलटाच येतो.

आज मी तुला सविस्तर लिहिणार आहे. मला आता दिवसभर वेळच वेळ आहे. हे पत्र तू कुणाला वाचून दाखवणार नाहीस एवढी खबरदारी मी मजकुरातच घेतली आहे, कारण यात तुझीच शोभा आहे.

तुला आठवत नसेल, पण तू पाच-सहा वर्षांचा असताना कोंबड्यांना उपदेश करायचास. डालगं पालथं घालून त्यावर उभा राहायचास, बाबांचा कोट गुडघ्याच्या खाली लोंबायचा, आणि गोऱ्या साहेबाच्या बोलीत ओरडायचास, 'पाप्यांनो, वळा!' कोंबड्या वळायच्या, कारण मी मागून दाणे टाकायची. मला हसू यायचं आणि ऊरही भरून यायचा. आई नव्हती. तुझ्याआधीची दोन तिला राहिली नाहीत म्हणून तिनं तुझं नाव शांतवन ठेवलं, आणि ते शांतवन मांडीवर घेऊन ती जेमतेम वर्षभर जगली. नावाला जागावं असं तुला वाटतं ते मला कळतं. पण शांतू, सांत्वन करण्याआधी समोरच्याला काय झालंय ते विचारायचं असतं. कोंबड्यांना विचारलं नाहीस ते ठीक होतं.

तुझे दाजी पडले ते दुष्काळाच्या साली. अर्धा गाव खडी फोडायला जायचा, आणि पोरं शाळेत सुकडी मिळते म्हणून यायची. चौथीच्या वर्गात ते पोरांकडून नद्या म्हणून घेत होते. एकानं कृष्णा म्हटलं की ते 'पुढं' म्हणायचे, दुसऱ्यानं कोयना म्हटलं की पुन्हा 'पुढं'. तू त्यांच्या वर्गाबाहेर उभा राहिला आहेस, तुला तो आवाज माहीत आहे. मधेच खडू हातातून पडला, मग ते पडले. पोरांना वाटलं, मास्तर खडू उचलायला वाकले. शेजारच्या नाथाजींनी बैलगाडीतून त्यांना स्टँडवर नेलं, तिथून एका ट्रकवाल्याच्या पाया पडून मिरजेला. जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा तेवढी तिकडंच राहिली. डॉक्टर म्हणाले, एखादा शब्द उरतो कधीकधी, तेवढाच ते बोलतील. त्यांचा उरला तो 'पुढं'.

तहान लागली की 'पुढं'. लघवीला झाली की 'पुढं'. माशी नाकावर बसली, पाठ दुखली, माझा राग आला, तरी 'पुढं'. आवाजाच्या चढउतारावरून मी ओळखायला शिकले, आणि चुकले की ते डाव्या हातानं खाटेची दांडी बडवायचे. तू गेल्या मे महिन्यात आलास तेव्हा त्यांनी तुझ्याकडं बघून दोनदा 'पुढं' म्हटलं. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं साताऱ्याच्या सभेत तू व्यासपीठावरून सांगितलंस, म्हणे, वाचा गेलेला हा देवाचा सेवक एकच शब्द बोलतो, 'पुढे, पुढे, स्वर्गीय नगराकडे!' आणि हजारभर माणसांनी तो घोष केला. शांतू, तू त्यांच्या उशाशी बसला होतास आणि तुझ्या कोपराखाली त्यांची तांब्याची लोटी होती. त्यांना पाणी हवं होतं.

पण तुझ्याआधी सांगलीची माणसं. मंडळीचे पंच आप्पासो आणि त्यांच्या बनुबाई, बरोबर आणखी तिघं, एसटीनं आले. प्रत्येकानं एकेक वचन आणलं होतं. चौघांचं वचन एकच निघालं, पण कुणी मागं हटलं नाही, चौघांनीही ते म्हटलं, आणि प्रत्येक वेळी बाकीच्यांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवली. मग आप्पासोंनी प्रार्थना सुरू केली. त्यांनी आधी आफ्रिकेतल्या मिशनऱ्यांसाठी मागितलं, मग सरकारसाठी, मग पावसासाठी. तेवढ्यात ह्यांना अंथरुणात झालं. मला वास आला, त्यांनाही आला असणार, कारण बनुबाईंनी पदर नाकाला लावला तो भक्तीनं नव्हे. ह्यांचे डोळे माझ्याकडं लागलेले, घामानं चेहरा भिजलेला, आणि आप्पासो डोळे मिटून पावसावरून सरकारवर परत गेलेले. मला 'आमेन' म्हणून मधेच थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. तेवढी सभ्यता माझ्या अंगात अजून होती. निघताना आप्पासोंनी मला बाजूला घेऊन विचारलं, 'मास्तरीणबाई, घरात काही झाकलेलं पाप तर नाही ना?' मी म्हटलं, 'आहे, तेच झाकलंय, तुम्ही गेलात की धुते.' त्यांना ते कळलं नाही. ते म्हणाले, 'धुवा, धुवा, प्रभू समर्थ आहे.'

ते वळणावर दिसेनासे झाले आणि नाथाजींची शालूबाई आत आली. तिनं काही विचारलं नाही. लुगड्याचा काचा मारला आणि म्हणाली, 'वैनी, तुमी पाय धरा, मी खांदं धरती.' आम्ही दोघींनी ह्यांना उचललं, पुसलं, गोधडी बदलली. हात धुताना ती म्हणाली, 'तुमचा देव बी आमच्यावानीच हाय म्हणायचा. हाक मारली की ओ देत न्हाई.' दोन वर्षांत माझ्या घरात देवाविषयी बोललेलं हे एकच शहाणपणाचं वाक्य, आणि ते बोलणारीला आपल्या मंडळीत उभंही राहता येत नाही.

आता लिहिण्याचं सांगते, कारण तू ते सगळं उलटं सांगत फिरतोस. तू म्हणालास, बहिणीनं प्रभूच्या प्रेरणेनं लेखणी घेतली. प्रेरणा कसली डोंबलाची! आमचं घर दीड खोलीचं. ह्यांना बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं यायचं, पूर्वीपेक्षा जास्त यायचं. मी रोज त्यांच्या उशाशी मोठ्यानं प्रार्थना करायची, आणि त्यांच्या कानांसाठी खोटं बोलायची. धीर दे म्हणायची, तुझे उपकार आहेत म्हणायची. पोटात दुसरंच उसळत असायचं, ते त्यांच्यादेखत काढायचं कसं? बाहेर जाऊन ओरडावं तर त्यांना सोडून लांब जाता येत नव्हतं. मग एका दुपारी ते झोपले असताना मी शाळेतून आलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका घेतल्या, त्यांच्या कोऱ्या पाठींवर लिहायला लागले. तोंडानं जे बोलता येईना ते हातानं. एवढंच. वांती यावी तसं ते आलं. वांतीला कुणी साक्ष म्हणत नाही.

आणि काय लिहायची? 'प्रभो, तुझ्या हातापायांना जखमा झाल्या आणि तिसऱ्या दिवशी तू उठून चालायला लागलास. ह्यांच्या कंबरेची जखम पावसाळ्यापासून आहे.' असलं लिहायची. 'प्रभो, आज तू माझ्याशी बोलू नकोस, मला पाणी भरायचंय,' असंही लिहिलंय. एका कागदावर तर नुसत्या शिव्या आहेत, बंगल्यावरच्या घोडेवाल्याकडून मी लहानपणी ऐकलेल्या. पण शांतू, एवढी वेदान्ताची पुस्तकं खंडन करायला वाचलीस, तरी तुझ्या नजरेला एक गोष्ट आली नाही. त्यातला प्रत्येक कागद 'प्रभो' म्हणून सुरू होतो. शिवी द्यायलासुद्धा समोर कुणीतरी असावं लागतं. तो समोर आहे एवढं मी एकदाही सोडलं नाही. ज्या दिवशी तो नाही असं मला वाटलं असतं त्या दिवशी मी गप्प स्वयंपाकाला लागले असते. ख्रिस्ती माणूस म्हणून माझ्याकडं तेवढंच शिल्लक होतं, आणि तेवढंच तू पुसून काढलंस.

मे महिन्यात तू दोन दिवस राहिलास. मी ओढ्यावर गोधड्या धुवायला गेले, तुला म्हटलं, दाजींकडं बघ. तू ट्रंकेत बघितलंस. कुलूप नव्हतं, कारण आमच्या घरात वाचणारी दोनच माणसं, त्यातला एक उठू शकत नव्हता. चार कागद तू पिशवीत घातलेस. मला विचारावंसं तुला वाटलं नाही? निघताना माझ्या पाया पडलास तेव्हा ते कागद तुझ्या काखेतच असणार.

मला ते कळलं दिवाळीनंतर. सरकारी दवाखान्यातली आपली जाईबाई नर्स साताऱ्याच्या सभेहून परत आली ती थेट माझ्याकडं, आणि दारातच माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. 'अक्का, तुमचा विजय झाला!' मला वाटलं, निवडणूक झाली की काय. मग तिनं सांगितलं की तू 'एका दुःखी भगिनीचं लेखन' म्हणून वाचलंस, आणि विट्याची पक्षाघातानं पडलेल्या मास्तरांची बायको एवढ्या खुणा सांगितल्यावर नाव सांगायची गरजच उरली नाही. बायका हुंदके देत होत्या म्हणे. आणि शेवट तर फारच सुंदर होता, जाईबाई म्हणाली. 'पहाटे तुम्हाला खांद्यावर त्याचा हात जाणवला, आणि सगळा अंधार गेला, तो भाग.' मी तिला विचारलं, कुठला भाग? तिनं पाठ म्हणून दाखवला. तुझे शब्द होते, तुझी ती पल्लेदार वाक्यं, तुपात तळलेली. शांतू, माझ्या खांद्यावर दोन वर्षांत एकच हात पडला, तो शालूबाईचा, आणि त्याला शेणाचा वास होता.

इथवर मी सोसलं असतं. तू लहानपणीही दुसऱ्याच्या पाटीवरचं गणित आपलं म्हणून दाखवायचास, मी मनात म्हटलं, जाऊ दे. पण तू ते मंडळीच्या नाताळ अंकात छापलंस. आणि छापताना, इतकं सगळं गाळताना, एक ओळ मात्र ठेवलीस. 'ह्यांना ने. नाहीतर मला ने. दोघांपैकी एकाला ने, पण हा मधला खेळ थांबव.' ती तू का ठेवलीस ते मला बरोबर कळलं. खड्डा जितका खोल, तितका तुझा डोंगर उंच दिसणार.

तो अंक घेऊन बनुबाई नाताळच्या आदल्या दिवशी आल्या. मी चुलीपाशी होते. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला, आणि ह्यांना बरं वाटावं म्हणून तो मजकूर त्यांच्या खाटेशी बसून मोठ्यानं वाचला. मी हातातली पळी टाकून धावले तोवर ती ओळ वाचून झाली होती. बनुबाई माझ्याकडं बघून हसल्या, म्हणाल्या, 'किती मोकळेपणानं लिहिलंत हो!' मी त्यांना हाताला धरून उठवलं, दाराबाहेर नेलं आणि कडी लावली. त्यांचा चष्मा आत राहिला. तो अजून इथंच आहे, मी दिलेला नाही आणि देणारही नाही.

तुझ्या दाजींनी तोंड भिंतीकडं केलं. माझ्या हातचं खाईनात. मी घास पुढं नेला की ओठ आवळून घ्यायचे. त्यांना तेवढीच ताकद उरली होती आणि ती सगळी ते माझ्याविरुद्ध वापरत होते. शालूबाईनं भरवलं तर खायचे. ती मला म्हणायची, 'काय झालं वो? भांडला काय?' मी काय सांगणार? गावात नाताळची म्हणून जाईबाईनं करंज्या पाठवल्या, त्या मुंग्यांनी खाल्ल्या. तू त्या दिवशी साताऱ्याला चार उपासना घेतल्यास असं अंकातच पुढं वाचलं. मी त्या दिवशी घर झाडलं नाही, वेणी घातली नाही, आणि नव्या कागदावर एकच ओळ लिहिली, 'प्रभो, शांतूला आवर.'

नवं वर्ष लागल्यावर एका दुपारी मी ट्रंक ओढून खाटेपाशी आणली आणि पहिल्या कागदापासून त्यांना वाचून दाखवायला लागले. माफी मागितली नाही, समजावलं नाही. म्हटलं, चार तुकडे ऐकलेत ना, तेही दुसऱ्यानं शिवलेले, आता अख्खं ऐका. ते भिंतीकडं तोंड करून पडलेले. जखमेचं वाचलं, पाण्याचं वाचलं. मग आप्पासो आले त्या दिवसाचा कागद आला. त्यात लिहिलं होतं, 'प्रभो, आप्पासोंची प्रार्थना तुझ्यापर्यंत पोचली असेल, तर आमच्या घरातला वासही पोचला असेल. दोन्हींतलं खरं कुठलं ते तूच ठरव.' ह्यांचा खांदा हलायला लागला. मला वाटलं, रडतायत. मी वाकून बघितलं तर ते हसत होते. तोंड एकीकडं ओढलेलं, लाळ गळतेय, आणि पोट धरून हसणं चाललंय. किती दिवसांनी त्यांनी तोंड माझ्याकडं फिरवलं, आणि म्हणाले, 'पुढं.'

शांतू, त्या शब्दाचा मला अर्थ लावावा लागला नाही असा तो पहिलाच दिवस. वर्गात म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले. मी पुढं वाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. ती ओळ जवळ आली तेव्हा मी कागद मागं सरकवला. त्यांनी डाव्या हातानं दांडी बडवली. मी वाचली, त्यांच्याकडं न बघता. मग त्यांनी माझं मनगट धरलं, माझ्या बोटानं आधी स्वतःच्या छातीकडं दाखवलं, मग वर आढ्याकडं, आणि मान हलवली, हो, हो, हो. त्यांचीही तीच मागणी होती. दोन वर्षं आम्ही दोघं एकाच खोलीत, एकमेकांपासून लपवून, एकाच देवाकडं एकच गोष्ट मागत होतो. मला ती लिहिता तरी येत होती. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातची भाकरी दुधात कुस्करून सगळी खाल्ली. तुझ्या पुस्तिकेत हे बसणार नाही. यात ना पहाट आहे, ना डोंगर. म्हातारा आणि म्हातारी मरण मागतायत आणि हसतायत, यावर दानार्पण गोळा होत नाही.

तेव्हा कागद मिळणार नाहीत. मागूही नकोस, आणि जाईबाईला मध्यस्थ करू नकोस, ती बिचारी रडायला लागते. ते मी माझ्यासाठी लिहिले होते, मग ते आम्हा दोघांचे झाले, तिसऱ्या कुणाचे होणार नाहीत. तुला लोकांना उठवायचं असेल तर स्वतःचं लिही. तुझी रेवती गेली तेव्हा तू काय केलंस? दहा महिन्यांची पोर, आणि तू तिच्या पेटीपाशी उभा राहून खणखणीत आवाजात आभार मानलेस. सगळे म्हणाले, काय हा विश्वास! मी तुझ्या मागं उभी होते. तुझे गुडघे हलत होते. ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. त्या गुडघ्यांवर एक पान लिहून बघ कधी, दार लावून, आणि त्याला शेवट जोडू नकोस. कदाचित तुझा माझ्यावरचा डल्ला तेव्हा थांबेल. मी अजूनही लिहिते. कालही लिहिलं. ते तू वाचणार नाहीस.

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले आणि जी लिहायचं इतका वेळ टाळत आले. तुझे दाजी गेले, शांतू. गेल्या शनिवारी दुपारी, जेवून, झोपेत. मी तार केली नाही. नाथाजी पोस्टात निघाले होते, मीच त्यांना फाटकातून मागं बोलावलं. साताऱ्याहून तू पोचला असतास, तुझ्याबरोबर आप्पासो आले असते, आणि त्यांच्या पेटीवर उभं राहून तू पुन्हा तो 'पुढे'चा घोष केला असतास. ते मला चालणार नव्हतं. ओढ्यापलीकडं आपल्या लोकांची चार थडगी आहेत तिथं त्यांना ठेवलं. ज्ञानू सुतारानं शाळेच्या मोडक्या बाकांची पेटी केली. एका फळीवर कुणा पोरानं ब्लेडनं आपलं नाव कोरलं होतं, ते आत घ्यावं की बाहेर, यावरून त्याचा आणि अर्जुनाचा वाद झाला. अर्जुना म्हणजे तोच, जो नद्या कधी पाठ करायचा नाही, आता मद्रासला त्याचं सोनं-चांदी गाळायचं, गलाईचं दुकान आहे, सुट्टीवर आला होता. त्यानं पुढचा खांदा दिला. पाळक नव्हता. खड्ड्यापाशी नाथाजी म्हणाले, 'मास्तरीणबाई, तुमच्यात काय म्हणत्यात ते तुमीच म्हना.' मी प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली आहे, त्या ओळीवर अडले. का ते तुला सांगायला नको. पुढं शब्द येईना. शालूबाईला वाटलं, संपली. तिनं मूठभर माती टाकली, मग सगळ्यांनी टाकली. ती प्रार्थना अजून तिथंच अडलेली आहे. माती मऊ आहे, कुत्री उकरतील म्हणून वर दगड रचायला हवेत. ओढ्यात चांगले दगड आहेत, पण मला एकटीला उचलत नाहीत, आणि शेजाऱ्यांना पुन्हा हाक मारायला जीव होत नाही. तू ये. कोट घालू नकोस, पुस्तक आणू नकोस, बरोबर कुणाला आणू नकोस. मेहुणा म्हणून ये. दोघं मिळून दगड रचू. बोलायचं काही नाही. तुला रडू आलं तर मी बघणार नाही.

तुझीच,
अक्का